जुलैचा कागद

सेहेचाळीस अंश. कूलरच्या टाकीत बादली रिती करून
मी निखाडे मॅडमचं कपाट उघडलं.
आधी वाळ्याचा वास, मग त्याच्या मागून
दुसरा एक, जो अमरावती रोडवर कुणाच्याच ओळखीचा नाही.

"शेवाळ नाही गं," मॅडम म्हणायच्या,
"शेवाळ आपल्या हौदातलं. हे शैवाल."
एक मात्रा वाढली की समुद्र येतो.

महिन्यांचे गठ्ठे, सुतळीनं बांधलेले.
जानेवारी उचलायला दोन हात लागतात:
एकतीस प्रकार. पंख्यासारखी पडायना,
द्राक्षाच्या घोसासारखी कॉलर्पा,
सरगॅसमच्या फांद्या तर कागदाबाहेर,
हवेचे बारके फुगे अजून फुगलेले.
मार्चात हे उपटून किनाऱ्यावर पडतं,
लोक तुडवत जातात, असं पेन्सिलीनं लिहिलंय.
एप्रिल अकरा.
मे चार, तेही कडांना भाजलेले;
दुपारच्या ओहोटीला खडक तवा होतो म्हणे.
मला हसू आलं. तिथंही आमचाच मे.

जून कोरा.
खाली मॅडमचं मुंगीएवढं अक्षर:
उधाण. खडकापर्यंत जाता आलं नाही.
नाही असं नाही.

जुलैत एकच कागद.
मॅडम तेव्हा इथंच, पेपर तपासत.
मालवणहून सुलभा खोबरेकरनं पाकिटातून पाठवलेलं,
कांद्याच्या सालीहून पातळ, जांभळट,
वर्तमानपत्रात दाबलं ते तिथंच चिकटलं.
त्याच्या आरपार अजून वाचता येतं
कणकवलीच्या गाड्यांचं वेळापत्रक.
सोबत चिठ्ठी: "बाकी सगळं जातं
तेव्हा हे येतं. याच्यावरून घसरूनच
माझा हात मोडला. ओळख पटावी म्हणून सांगते."

कोपऱ्यातला तुकडा सुटला होता.
सुटलेलं पाकिटात भरायचं, असा नियम.
मी बशीत ठेवला. बादलीच्या तळाचं पाणी,
डब्यातलं चिमूटभर मीठ.

चहा उकळेस्तोवर तो उलगडला.
छत्तीस वर्षांचा, आणि बुळबुळीत.

रजिस्टर काढून मे महिन्याखाली लिहिलं:
नागपूर, बशी, एक.
मग खोडलं. मॅडमनी विचारलं असतं,
भरती किती वाजता होती?

संध्याकाळी लाईट गेली, कूलर थांबला.
बाकी टेबल आवरलं.
बशी काही ओतून टाकवत नाही.