तळटीप

पाचापेक्षा कमी असतील तर
आकडा लिहायचा नाही.
चांदणी टाकायची, आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात:
'ओळख उघड होऊ नये म्हणून.'
नियम चांगला आहे.
मीच टाइप केलाय तो सात वर्षांपूर्वी,
आधी गुजरातीत, मग इंग्रजीत.

तेव्हापासून दर ऑगस्टला
पोस्टकार्डावरच्या त्या घुमटाखाली नव्हे,
मागे, झेरॉक्सवाल्या विनुभाईंच्या भिंतीला लागून
मी रकाने भरते.
आलेले अर्ज. पात्र. फी भरलेले. हजर.
दुसऱ्या वर्षात पोचलेले.
डावीकडून उजवीकडे आकडा उतरत जातो,
मे महिन्यात विश्वामित्री उतरते तसा,
आणि शेवटच्या रकान्यात दगड दिसायला लागतात.

साहेब म्हणतात, अर्ज दीडपट झाले ते वर घ्या.
घेतलं. झालेतच दीडपट.

मला स्वतःला कोणी मोजलं नाही कधी.
दांडिया बाजारातून चालत आले, बाबांनी फी भरली,
वर्गात मागच्या बाकावर आत्येबहीण होतीच.
तक्त्याच्या चारी बाजूंना
जी पांढरी जागा सोडलेली असते ना,
तिथली मी.

संख्याशास्त्र, प्रथम वर्ष,
अनुसूचित जमाती, मुली:
चांदणी.

या चांदणीला मी ओळखते.
रेशली राठवा, कवांटच्याही पलीकडची.
दाखल्यावर बापाचं नाव एक, शाळेच्या पटावर दुसरं,
आणि दोन्ही खरी:
एक घरातलं, एक मास्तरांना लिहायला सोपं पडलेलं.
तीन खेपा झाल्या तिच्या माझ्या खिडकीशी.
तिसऱ्या खेपेला काम झालं तरी हलेना.
म्हणाली, बेन, मला कुठे लिहिलंत ते दाखवा.

स्क्रीन वळवला तिच्याकडे.
तिनं चांदणीवर बोट ठेवलं,
काचेवर ठसा उमटला घामाचा.
'एवढी मी?'
एकटी नाहीस गं, तिघी आहात. पण ते सांगायचं नसतं.
कोणाला?
कोणालाच.
तिनं मान हलवली, समजल्यासारखी,
आणि मग, पिशवी या हातातून त्या हातात घेत,
'बाकीच्या दोघी कुठे बसतात?'

जानेवारीत पुलाखाली बॅटऱ्या घेऊन
मगरी मोजत होती माणसं.
डोळे चमकले की एक.
पिल्लं वेगळी, मोठ्या वेगळ्या.
तिथे तीन असल्या
तर सरळ तीन लिहितात.
स्कूटर लावून मी बराच वेळ पाहत राहिले,
घरी वरणाला उशीर झाला.

त्या दिवशी मी काय केलं ते अहवालात नाही.
विनुभाईंकडून वाया गेलेला एक कागद घेतला,
पाठकोऱ्या बाजूला दोन नावं लिहिली,
दोन बाक, एक खोली, आणि कँटीनची वेळ.
सही नाही केली.
कागद पिशवीत गेला,
ताडफळांच्या खाली.

आता पुन्हा ऑगस्ट.
पंखा तोच, खुर्चीचं चाक तेच, बिघडलेलं.
संख्याशास्त्र, द्वितीय वर्ष, त्याच ओळीत
पुन्हा चांदणी.
तिघी असल्या तरी चांदणी,
एकटी उरली तरी चांदणी,
आणि शून्यसुद्धा
पाचापेक्षा कमीच असतं.

साहेब विचारतात, इथे काय आहे?
मी तळटिपेकडे बोट दाखवते.

किती, ते मला माहीत आहे.
तुम्हाला सांगणार नाही.
नियम चांगला आहे.