आगरवाड्याचं पाकीट

म्हापशाहून निघतानाच पाकीट तयार होतं डोक्यात:
पांढरं, मधोमध निळी लाट,
कोपऱ्यात ‘गोंयचें मीठ’ वळणदार अक्षरांत.
अकरा वर्षांची सवय ही,
गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत
उत्तर काढून ठेवायची.

रुक्मा बागकर मिठागराच्या बांधावर उकिडव्या बसलेल्या.
लॅपटॉप उघडला, तर उन्हात पडद्यावर
माझाच चेहरा दिसला फक्त.
मिटून पिशवीत ठेवला.

वहीत प्रश्न होते, लिहून आणलेले.
रंग कुठला आवडेल?
‘तू म्हणशील तो, बाय.’
तुमचं मीठ तीन शब्दांत सांगा.
‘खारट.’
उरलेले दोन त्यांनी माझ्यासाठी ठेवले.

मग प्रश्न संपले आणि मी गप्प बसले.
हे मला जमत नाही. तासावर पैसे लावणारी बाई मी,
शांततेचं बिल कसं करायचं?
शापोऱ्याला भरती लागली होती,
मानशीच्या फळ्यांमधून पाणी
चूळ भरल्यासारखं आत येत होतं.

शेवटी वहीत नसलेलं विचारलं:
शेवटचं पोतं कोण घेऊन गेलं?

‘मोरजीचा भाटकार. माडांना.’
माडांना?
‘मुळात घालतात ना. दरवर्षी नेतो तो.
आणि बायका येतात कैऱ्या खारवायच्या वेळी,
खडा जिभेवर ठेवतात, मग भाव करतात.
बंद पाकिटातलं चाखणार कसं?’

माझी निळी लाट जागच्या जागी आटली,
तळाला काहीही न ठेवता.

मग पाकीट हवंय कुणाला?

त्यांनी पदराला हात पुसले, फोन काढला.
दोहाच्या दुकानातला फोटो, उल्हासनं पाठवलेला:
कुठल्याशा परक्या समुद्राचं मीठ,
काचेची बरणी, बुचाचं झाकण.
खाली लिहिलेलं, आई, आपलं याहून बरं.
‘परत येतो म्हणतो. आगर बघतो म्हणतो.
पण सोयरीक जुळायला हवी. मुलीकडचे विचारतात,
मुलगा करणार काय? मीठ, म्हटलं
की पुढचं बोलणं चहावर येतं.’

हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं,
पाण्याकडे बघून म्हटलं होतं.

मी लिहून घेतलं:
माड. जीभ. मुलीकडचे.

‘किती होतील पैसे?’
अजून मला ठाऊक नाही, म्हणाले,
आणि ते खरंच होतं.
त्या हसल्या. ‘मग घेऊन तर जा,’
ओंजळभर मीठ पुढे केलं, आणि कागद नव्हता
म्हणून वहीचं पहिलंच पान फाडलं मी,
प्रश्नांचं. त्यांनी दोन घड्यांत पुडी बांधली.

घरी पोचेपर्यंत शाई फुटली होती,
‘रंग कुठला’ एवढंच वाचता येत होतं.
आतलं मीठ राखाडी, जरासं गुलाबी,
ट्यूबलाइटखाली आणखी काहीतरी.

उल्हासला शुक्रवारी सुट्टी असते.
त्याला फोन करायचाय,
आधी काही न काढता.