मार्लिसची गदा

डुलुथमध्ये, गोठलेल्या सरोवराच्या काठाला,
एका बंद पडलेल्या बेकरीच्या तळघरात
आम्ही दर गुरुवारी मरायचो.
म्हणजे बहुतेक मीच मरायचो.
हातात दुधारी कुऱ्हाड, डोक्यात वारं,
दार दिसलं की लाथ.
मग पेन्सिलीनं खोडत जायचं:
एकेचाळीस, सव्वीस, नऊ, शून्य.
माझ्या कागदाला त्या जागी
खोडरबरानं भोक पडलं होतं.

शून्यावर आलो की मी मार्लिसकडे बघायचो.
बघायचोसुद्धा नाही खरं तर,
चिप्सच्या वाडग्यात हात घालायचो
आणि ती म्हणायची, "ऊठ. अकरा प्राण."

पंगतीत वाढप्याला कोणी विचारत नाही,
तू जेवलास का.

तिच्याही कागदावर एक गदा होती, चांदीच्या मुठीची,
आणि आकाशातून आग उतरवायचा एक मंत्र,
नवव्या पातळीला मिळालेला.
पडद्याआडून राक्षस चालवणारा ऑर्विल
सगळ्याची नोंद ठेवतो.
फेब्रुवारीत त्यानं सहज वही चाळली:
बावीस गुरुवार. गदा, दोनदा.
आग, एकदाही नाही.

मार्लिस हसली. "दोनदा? मला एकदाच आठवतंय."
मग तिनं वीस बाजूंचा फासा
हळूच वहीवर ठेवला, म्हणाली,
"आज मी कुणाला उठवणार नाही."

शाळेची बस चालवते ती.
शेवटच्या थांब्यावर असतो तसा
तिचा आवाज होता.

वरच्या पाइपातून पाणी गेलं.
टोवा म्हणाली, गावातून एक वैद्य भाड्यानं घेऊ.
ऑर्विल म्हणाला, मिळेल की,
पण त्यालाही कधीतरी जखम होणार.
मग पाओनं, आमच्या चोरानं, पोतडी उलटी केली:
लाल काढ्याच्या सात कुप्या,
अडीनडीला म्हणून लपवलेल्या,
आमच्यापासूनच.
टोवा आमची शाहीर. तिला एक गाणं येत होतं
जखम मिटवणारं, दीड ओळीचं.
"कुणी मागितलंच नाही," ती म्हणाली.
माझ्याकडे काहीच नव्हतं.

पुलावर तीन हिमराक्षस. पाओ पडला.
काढा त्याच्याच कमरेला,
टोवा पुलाच्या त्या टोकाला.
माझी पाळी आली.
समोरचा राक्षस लंगडत होता, एका घावाचा धनी,
आणि कुऱ्हाड तर माझ्या हातात आधीच वर गेलेली.
"मी गुडघ्यावर बसतो," मी म्हणालो,
"सदरा फाडतो, जखम बांधतो."
ऑर्विलनं चष्म्यावरून पाहिलं. "येतं तुला?"
"नाही."
फासा घरंगळला, वाडग्याला थडकला. बारा.
दहा लागत होते.
राक्षस मारूनही मी कधी
इतका ओरडलो नव्हतो.
"एक प्राण," ऑर्विल म्हणाला. "डोळे उघडतो, बस्स."

एक. ती अकरा द्यायची,
वर न बघता.

मग मार्लिसनं आग उतरवली.
मंत्र पाठ नव्हता, ओळीवर बोट ठेवून वाचला.
आठ फासे हवे होते, तिच्याकडे तीन,
आम्ही आपापले सरकवले.
ओंजळीत मावेनात.
टेबलभर सांडले, एक खुर्चीखाली.

तेवढ्यात तिचा फोन थरथरला,
आठ वाजता, दर गुरुवारसारखा.
वडिलांची गोळी, जेवणानंतरची.
ती अर्धवट उठली.
पाओनं फोन उचलला आणि जिन्यात गेला.
खाली ऐकू येत होतं:
"निळी. हो, निळीच. पाण्याबरोबर.
नाही, ती कामात आहे.
मी? मी चोर."
मग पलीकडे कोणीतरी म्हातारं
बराच वेळ हसत होतं, खोकत, पुन्हा हसत.

मार्लिस खुर्चीखाली वाकलेली.
"एकतीस," ती म्हणाली, "आणि हा पाच.
थांबा. पुन्हा मोजते."