एक मिलिमीटर

हेल्वे राउद्सिक निवृत्त झाली
तेव्हा विद्यापीठाने तिला काचेचं एक बदक दिलं.
डीननी तिचं आडनाव नीट उच्चारलं,
शोधनिबंध मात्र एकोणनव्वद सांगितले.
"एकोणसाठ," ती खालूनच म्हणाली.

मी शेवटच्या रांगेत, व्हॅनच्या किल्ल्या खिशात.
सत्तावीस वर्षं मी तिची गाडी चालवली,
दलदलीवर फळ्या टाकल्या, डासांना शिव्या दिल्या,
आणि दर वीस मिनिटांनी ओरडलो, झाली वेळ.

लोकांना वाटतं हवामानाचं विज्ञान म्हणजे
लाल होत जाणारे नकाशे.
आमचं म्हणजे एक पारदर्शक बादली.
शेवाळावर पालथी घालायची,
जमीन श्वास सोडते त्याची वाट बघायची,
सुईने तो ओढून कुपीत भरायचा.
कुपीवर तारीख. पुढची कुपी.
तारीख पेन्सिलने, कारण तिथल्या पावसात
शाईचा भरवसा नाही.

दलदल वर्षाला एक मिलिमीटर वाढते, उर्मास,
धीर धर, ती म्हणायची.
अनुदान तीन वर्षांचं मिळायचं.
म्हणजे तीन मिलिमीटर.
अर्जात रकाना असायचा: अपेक्षित परिणाम.
तिथे आली की ती खिडकीबाहेर बघत बसे
आणि कॉफीवर साय धरे.

तिचा बाप याच दलदलीतून पीट काढायचा.
हे मला अकराव्या वर्षी कळलं,
तेही टायर बदलताना.
चर खणून पाणी पळवायचं,
उघडी पडलेली काळी जमीन उन्हात वाळवायची,
खरवडून न्यायची,
आधी भट्ट्यांसाठी, पुढे परदेशी कुंड्यांसाठी.
त्याच पगारातून तिची तार्तूमधली खोली,
तिचे पहिले धड बूट.
प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात एक आकडा आहे:
त्या पट्ट्यातून किती कार्बन हवेत गेला.
तिने तो बापाला वाचून दाखवला.
तो बराच वेळ टोपी फिरवत राहिला, मग म्हणाला,
"एवढा?
माझा ट्रॅक्टर तर सगळ्यांत जुना होता."

मग आम्ही चर बुजवले.
पाणी वर आलं, क्रौंच आले,
मंत्रालयाचे फोटोवालेही आले.
आणि तिसऱ्या उन्हाळ्यात कुप्यांमधला मिथेन वाढला.
मी म्हणालो, थांबू एखादं वर्ष, उतरेल.
वरून फोन आला. तोही हेच म्हणाला,
फक्त गोड आवाजात.
पण ताकाला जाऊन भांडं लपवणं
तिला कधी जमलं नाही.
तिने छापलं, आलेखासकट.
पुढचं अनुदान गेलं.
दोन हिवाळे माझा पगार कुठून आला
मी विचारलं नाही.
तिची मोटार मात्र अंगणात दिसेनाशी झाली.

नवव्या वर्षी आकडा उतरू लागला.
तेव्हा कुणाचा फोन नव्हता.

समारंभाच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, चल.
बांधाच्या पलीकडे, चौथ्या खुंटापाशी,
पहिल्या वर्षी रोवलेली एक तांब्याची तार होती,
तिचं टोक शेवाळाच्या वर ठेवलेलं.
टोक दिसेना.
ती गुडघ्यांवर बसली, त्या वयात, त्या चिखलात,
आणि आंधळ्याने घराची कडी शोधावी
तसं तिने बोट आत घातलं.
पहिलं पेर गेलं.
दुसरं.
तिसऱ्याच्या अर्ध्यावर ती थांबली.
"लागली," म्हणाली.

वही तर विद्यापीठात जमा झालेली.
मी पेन्सिल दिली.
बदकाच्या खोक्यावर तिने तारीख घातली,
पाण्याची पातळी लिहिली,
आणि खाली, कंसात, वाऱ्याची दिशा.
उघडं पडलेलं बदक
व्हॅनच्या पुढच्या सीटवर होतं,
मी त्याला पट्टा लावला होता.