लॉट नंबर

दुपारी तीनला गोळीबार चौकात सावलीसुद्धा दुकानात शिरून बसते.
शटर अर्धं ओढून मी कूलरपुढे बनियनवर,
तेवढ्यात रंगारी मॅडम आल्या.
मेडिकलच्या लॅबमध्ये असतात.
स्कूटरच्या डिकीतून रुमाल काढला, रुमालातून
बुचं लावलेल्या दोन परीक्षानळ्या,
वर चिकटपट्टीवर बारीक अक्षरात: मार्च. मे.

"कंपनी एक. डबा एक. वीस-चाळीस आकडा एक.
मंग हे मधावानी अन् हे कोऱ्या चहावानी काहून?
हेडाऊ भाऊ, डुप्लिकेट तर नाही देऊन राहिले?"

आडनाव रंगारी, आणि तक्रार रंगाची.
मी हसलो नाही. नळ्या उन्हाला धरल्या.

कंपनीचा माणूस जे सांगून गेला होता ते सांगितलं:
कुठल्या विहिरीचं कच्चं तेल, त्याची एक छटा;
किती गाळलं, किती धुतलं, त्याची दुसरी.
फार धुतलं तर पाण्यासारखं नितळ.
मग त्यात मसाला पडतो,
मळ धरून ठेवणारा, झीज थोपवणारा,
तो मूळचाच काळपट,
आणि त्याचा पुरवठादार बदलला की छटाही बदलते.
काही तर मुद्दाम रंगवतात,
टू-स्ट्रोकचं निळं, स्टिअरिंगचं लाल,
घाईत कोणी एकाच्या तोंडात दुसरं ओतू नये म्हणून.
रंगावरून एवढंच कळतं, मॅडम,
की रंग कसा आहे.

"आमच्याकडे तसं नसते," त्या म्हणाल्या.
"नळीतलं पिवळं जास्त पिवळं दिसलं
तर कोणाच्या तरी घरी फोन जाते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
कूलरचं पाणी टपटपत होतं.

बाबा तांडापेठेत सूत रंगवायचे.
एकदा अर्धं सूत सोमवारी रंगलं, अर्धं गुरुवारी.
पुडी तीच, हंडा तोच, ढवळणारा हात तोच.
मधल्या तीन दिवसांत विहीर तेवढी खाली गेली होती.
लुगडं विणून झालं तेव्हा मधोमध एक रेघ,
जणू विणताना कोणी तिथे आलं, उभं राहिलं, निघून गेलं.
इतवारीच्या व्यापाऱ्यानं घडी न मोडता परत दिलं.
बाबा काही बोलले नाहीत. सायकलला बांधून घरी आणलं.
आईनं ते अकरा वर्षं नेसलं.
धुऊन धुऊन रेघेच्या दोन्ही बाजू सारख्याच विटल्या.
आणि फाटलं ते शेवटी
भलतीकडेच, पदराजवळ, खिळ्याला अडकून.

हे मी मॅडमना सांगितलं नाही.
त्यांचा डबा उलटा करून बूड दाखवलं, शेजारी माझ्याकडचा.
आकडे वेगळे.
"दोन हंडे," माझ्या तोंडून गेलं.
"काय?"
"दोन खेपा. कारखान्यात."

आणि हेही म्हटलं, आत्ताच म्हटलेलं बरं:
हजार-दीड हजार किलोमीटरनी कांडी काढून पाहाल
तेव्हा मध नसेल, चहाही नसेल, काळं असेल.
तेव्हा भांडायला या, खुशाल या.
पण काळं झालं म्हणजे इंजिनाचा मळ त्यानं अंगावर घेतला.
सोनेरीच राहिलं
तर मळ कुठं गेला ते विचारा.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.
"बिलावर लॉट नंबर लिहून द्या."
एकोणीस वर्षांत कोणी मागितला नव्हता.
मी लिहिला. एक आकडा चुकला, खोडून परत लिहिला,
त्यांनी तिथे सही करायला लावली.

नळ्या काउंटरवरच राहिल्या.
दोन दिवस वाट पाहिली, मग खिडकीत ठेवल्या,
बाबांच्या धोट्याला टेकवून.

जून लागेपर्यंत उन्हानं दोन्ही थोड्या गडद झाल्या.
मधाची चहाकडे आली,
चहाची अजून पुढे सरकली.
सकाळी शटर उघडताना
अजूनही सांगता येते
मार्च कुठली, मे कुठली,
चिकटपट्टी गळून पडली तरी.