निशाणी

पोवई नाका, दुसरा मजला.
स्कॅनरच्या काचेवर मी महजर पालथा घालते.
शके सोळाशे एक्याण्णव, पाटीलकीचा तंटा,
कागदाला वास जुन्या हिंगाच्या डबीचा.

मोडीत आधी रेघ ओढतात, या कडेपासून त्या कडेपर्यंत,
मग बोरू न उचलता अक्षरं टांगतात तिच्यावर.
शब्द कुठे तुटतो ते यंत्राला कळत नाही.
खरं सांगायचं तर दर वेळी मलाही नाही.

तरी वाचतं बिचारं, शंभरात एक्क्याऐंशी बरोबर.
अडतं ते तळाशी,
जिथे लिहिता न येणाऱ्यांनी साक्ष घातलीय :
पाटलाचा नांगर, सुताराची पटाशी,
आणि सटवाजी न्हाव्याचा आरसा,
एवढासा गोल, डावीकडे कललेला.

यंत्राने लिहिलं : शून्य.

"राहू दे गं," घोरपडे सर म्हणाले,
"आज चाळीस पानं व्हायचीत."

माझ्या भावाचं कोरेगावात सलून आहे.
तीन आरसे, एकाला तडा.

शून्य खोडलं.
चौकटीत जेमतेम मावलं : सटवाजी. आरसा.
खाली बटण, 'जतन करा'.
या जागी ते लिहीत, मोर्तब सूद.

दाबलं. पुढचं पान
कसरीने अर्धं खाल्लेलं.