न्यूनते

बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, जिन्याखालच्या खोलीत
मी मंडळाचे निकाल टाइप करतो.
नाव भुजबली खोत, गाव सदलगा.
पायांत बळ नाही; कुबड्यांनी हात मात्र नावाला जागले.
जन्मलो तेव्हा पाठीवर लिंबाएवढी गाठ होती,
मिरजेला शिवली.
थंडीत ती शिवण अजून ओढते.

बाई आत येणार असली की
कुबड्या कपाटामागे ठेवतो.
पगार टाइप करण्याचा आहे,
कुणाच्या निर्णयात माझ्या हाडांनी बोलू नये.

कायदा पाठ आहे.
चोवीस आठवड्यांनंतर दार बंद,
बाईच्या जिवावर बेतलं तर गोष्ट वेगळी.
खरं गर्भात मोठं व्यंग निघालं
तर त्याला आठवडे नाहीत.
कलमाची भाषा स्वच्छ आहे,
टाइप करताना एकही चूक होत नाही.
फक्त त्या ओळीपाशी दर वेळी शिवण ओढते,
मे महिना असला तरी.
बाकी सगळ्यांना कुठंतरी एक कुंपण घातलंय,
आमच्या बाजूला तेवढं उघडं सोडलंय.

हे मी कुणाला बोलत नाही.
मागच्या वर्षी रायबागकडची चौदा वर्षांची पोर आली होती,
मांडीवर शाळेचं दप्तर.
तिच्या कागदावर मी कसलं मत देणार?
ते पत्र सगळ्यात आधी, डबा बाजूला सारून टाइप केलं.
आणि रात्रीही जेवलो नाही.

मग कस्तुरी ढवणे. मुक्काम पोस्ट अकोळ, तालुका निपाणी.
वय तेवीस. आठवडे सव्वीस.
विड्या वळून चपटी झालेली बोटं, नखांत तंबाखू.
फॉर्म कन्नडात. तिनं एका शब्दावर बोट ठेवलं.
"हे काय लिवलंय?"
न्यूनते, मी म्हटलं.
"म्हंजे?"
म्हणजे न्यून.
गावांच्या पाट्यांवरून इतकी वर्षं दगड फिरले,
या शब्दावर मात्र दोन्ही भाषांचं एकमत.

शिक्का वरच्या फळीवर. शिपाई रजेवर.
कपाटामागे हात घातला, कुबड्या काढल्या, उठलो.
ती बघत राहिली.
पायांकडं नाही, कपाटाकडं.
"आईला तुमच्या इचारलं हुतं काय कुणी?"
तेव्हा मशीनच नव्हतं, मी म्हटलं.
"आन् असतं तर?"
मी शिक्का कागदावर दाबला
आणि सरळ उमटलाय का ते बघत बसलो.

पत्र तिनं चार घड्या घालून चंचीत ठेवलं.
अर्जापासून तिसऱ्या दिवशी मिळालं होतं.
याच इमारतीतून मी चाकांची खुर्ची मागितली होती,
ती फाइल चौथ्या वर्षीही बेंगळुरूला आहे.
सरकारला घाई कशाची असते
ते तारखांचे शिक्के सांगतात,
मी नुसते मारतो.

तिचं पुढं काय झालं, विचारायची सोय नव्हती.
रजिस्टरात तो रकाना नाही.
परवानगी दिली, परवानगी नाकारली,
एवढे दोनच.
दिलेली परवानगी घेऊन बाई घरी जाऊन बसली
तर कुठं लिहायचं?

उन्हाळा सरता सरता फोन आला.
"साहेब, अकोळची कस्तुरी बोलालोय.
दाखल्यावर टक्के लागत्यात म्हणं.
पोरीचं किती लिवू?"

माझ्या दाखल्यावर पंच्याहत्तर आहेत.
कुणी मोजले, कशानं,
उरलेले पंचवीस कुठल्या अवयवात राहतात,
आजवर कळलेलं नाही.
टक्के डॉक्टर लिहितील, मी म्हटलं,
तुम्ही तेवढं नाव लिहा.
काय ठेवलंय?

ती सांगत होती बहुतेक.
मला ऐकू आलं नाही.
रडं एकदम फोनच्या जवळ आलं होतं.